रखमाकाकीचं खारं पाणी

रखमा पार्टे माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती ऑगस्टमधल्या एका सोमवारी. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पोलादपुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दारावर राजेश या माझ्या नावाची पाटी. विहिरीवरच्या मोटरी, गिरणीच्या मोटरी, कधी एखादा मिक्सर, असलं माझं काम. तिने टेबलावर फडकं उघडलं. आत मुठीएवढा काळा गोळा होता, भोवती जाळी आणि मध्ये बोटभर पंखा.

"वाळू शिरली हाय आत," ती म्हणाली. "सकाळपासून नुसतं घुर्र करतंय. फिरत नाय."

"काकी, एवढीशी मोटर कुठल्या विहिरीला लावलीत?"

"विहिरीला नाय रे. समुद्राला."

मला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. आमच्याकडून समुद्र गाडीने अडीच-तीन तासांवर. पण ती हसली नाही. स्टुलावर बसून गुडघा चोळत राहिली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

मी गोळा उघडला. लोहचुंबक आणि त्याच्या वाटीच्या मध्ये पांढरा, तांदळाच्या कणीएवढा एकच वाळूचा दाणा अडकला होता. तो काढला, चुंबक घासून साफ केला, बादलीत धरून चालवला. पंखा सुरळीत फिरला. जाळीचा एक दात मात्र तडकलेला दिसला. तो तुटून पंख्यात पडायला नको म्हणून मी चिमट्याने मोडून टाकला. हे तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

तिच्या गुडघ्यांकडे बघून मीच म्हणालो, "चला, बसवूनच देतो."

एसटी स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन ती एकटी राहायची. बाहेरच्या खोलीत खाट नव्हती, टीव्ही नव्हता. भिंतीला लागून लोखंडी घोडा, आणि घोड्यावर चार फूट लांब काचेची पेटी. तळाशी दोन बोटं पांढरी वाळू, उजव्या अंगाला प्रवाळाचे दगड. दगडांच्या पायथ्याशी वाळूत उगवल्यासारखं एक फूल. फूल म्हणायचं एवढंच, जीवच तो. परातीएवढा पसारा, जांभळट टोकांच्या शेकडो लांब बोटांचा. त्या बोटांमध्ये दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, अंग घासत फिरत होते. एक मोठा, एक त्याच्या निम्म्याने.

"मोठी बायको हाय," रखमाकाकी म्हणाली. "बारका नवरा. चौदा वर्सांचा संसार."

मी काचेला नाक लावून उभा राहिलो. कोकणात जन्म गेला, पण मासा मी ताटात नाहीतर टोपलीतच बघितलेला.

रखमाकाकी मूळची पोलादपूरजवळच्या कापडे गावची. नवरा सोनबा काविळीने गेला तेव्हा मुलगा सुनील चार वर्षांचा. दीर सहदेव यांच्याकडे पोराला ठेवून ती मुंबईला गेली आणि माहीमला प्रियदर्शिनीबाईंच्या घरी कामाला लागली. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही, घरात दुसरं माणूस नाही. त्यांनी ही पेटी मांडली तेव्हा रखमाचा तिच्याशी संबंध काच पुसण्यापुरता होता. मग बाईंचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग पेन, मग काही धरवेचना. माशांना खाणं टाकायला गेल्या की डबाच पाण्यात पडायचा. एक दिवस त्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "रखमा, हात तुझे, डोळे माझे. चालेल?"

तिथून अकरा वर्षं ते तसंच चाललं. बाई खुर्चीतून सांगायच्या, डावीकडे, थोडं वर, आता सोड. रखमा कोपरापर्यंत हात बुडवून करायची. सातवीपर्यंत शिकलेली बाई खार मोजायला शिकली, मशीनच्या शुद्ध पाण्यात समुद्राचं मीठ कालवायला शिकली. आणि सगळ्यात अवघड ते, पाण्याचा ओघ सांभाळायला शिकली.

बाईंना शेवटी पुण्याला, आजारी वृद्धांची काळजी घेतात अशा ठिकाणी जावं लागलं. तिथे पेटी नेता येत नव्हती. "दुकानदाराला दिली तर तो तीन दिवसांत हे तिघं तीन घरांत विकेल," त्या म्हणाल्या. "तू नेशील?" रखमाचे गुडघे गेलेले, सुनील नोकरीला बाहेरगावी लागलेला, ती गावाकडे परतणारच होती. ती हो म्हणाली. डिसेंबरात टेम्पोत बसून, मांडीवर मासे आणि फुलाच्या दोन पिशव्या धरून ती माहीमहून पोलादपूरला आली. रविवारी सकाळी पुण्याहून फोन यायचा. तिथली परिचारिका फोन धरायची आणि बाई पडद्यावर दहा मिनिटं पेटी बघायच्या. बोलणं आता त्यांना फारसं जमत नव्हतं.

हे सगळं मला पुढे कळलं. त्या सोमवारी ती मागे चहा टाकायला गेली आणि मी मोटर बसवायला घेतली. मोटर काचेच्या आत आणि तिला धरून ठेवणारा चुंबक काचेच्या बाहेर, अशी रचना. मी उजव्या काचेवर मध्यावर लावली, तोंड सरळ पेटीच्या मध्याकडे केलं. वायरीवर वेग कमीजास्त करायची चकती होती. दुरुस्त केलेली मोटर फुल चालवून बघायची, ही माझी वीस वर्षांची सवय. चकती शेवटपर्यंत फिरवली आणि बटण दाबलं.

क्षणात पेटी पांढरी झाली. वाळू उठली, भिंतीसारखी. मासे दिसेनात, फूल दिसेना. आतून रेव काचेवर आपटल्याचा आवाज यायला लागला.

"बंद कर! राजेश, बंद कर!" ती गुडघ्यांचं भान सोडून धावत आली आणि माझ्या आधी तिनेच बटण खाली केलं.

वाळू बसायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती काचेला कपाळ लावून उभी राहिली. पाणी निवळलं तेव्हा डाव्या कोपऱ्यात वाळूचा ढीग झाला होता आणि दगडांच्या पायथ्याशी काच उघडी पडली होती. फुलाने बोटं आत ओढून घेतली होती. त्याचा देठ, एरवी वाळूत पुरलेला, गुलाबी पोटरीसारखा उघडा दिसत होता. दगडामागे वाळूच्या पोटातला काळा थर वर आला होता आणि खोलीत कुजक्या अंड्याचा वास पसरायला लागला होता.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, त्यानेच मला जास्त लागलं.

"वाळू हलली नाय पायजे. पण निजलीबी नाय पायजे. हलली तर ह्यांच्या अंगावर येते. निजली तर खाली काळी पडते, त्यात इख धरतं. म्हणून पंखा वर लावायचा, पाण्याच्या वरच्या अंगाला. तोंड समोरच्या काचेकडं. पानी काचेवर फुटतं, त्याचा जोर मरतो, आन मंग खालनं वाळूवरनं हळू मागं येतं. समजलं?"

समजलं होतं. तिने मोटर वर सरकवली, चकती अगदी कमीवर आणली, माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात सोडली आणि तो भुगा कुठून कुठे जातो ते बघत उभी राहिली. एका कोपऱ्यात भुगा घोटाळला तसं तिने तोंड कणभर फिरवलं. पुन्हा चिमूट, पुन्हा बघणं. नंतर नळीने काळी वाळू ओढून बादलीत काढली. उकरली नाही, वरवरची तेवढीच ओढली. फुलाच्या देठाभोवती हाताने वाळू लोटून दिली.

"ऱ्हाईल का ते?" मी विचारलं.

"जागा आवडली नाय तर चालाय लागंल."

"फूल चालतं?"

"चालतं. आन चालतं तवा वाईट असतं."

मंगळवारी सकाळी सातला लाईट गेली. कशेडीकडच्या अंगाला दरड आली आणि तारांचे खांब घेऊन खाली गेली, असं बाजारात कळलं. दुरुस्ती कधी होईल ते कोणी सांगत नव्हतं. दुकान उघडून उपयोग नव्हता. नऊच्या सुमाराला मी छत्री घेऊन तिच्याकडे गेलो. अपराधी वाटत होतं, म्हणूनच गेलो.

दार उघडंच होतं. ती पेटीसमोर उभी होती आणि तिचा हात हवेत तसाच थांबलेला. मी तिच्या नजरेच्या रोखाने बघितलं. दगडाच्या पायथ्याशी फूल नव्हतं. ते काचेवरून वर चढलं होतं आणि मोटरच्या जाळीवर बसलं होतं. देठाचा खालचा भाग, ज्याला ती पाय म्हणायची, तो जाळीच्या फटीतून आत शिरला होता. बरोबर त्याच फटीतून, जिथला दात मी मोडला होता.

"काकी, तो दात..."

"मागनं सांग. प्लग काढ. खाटकन काढ."

"लाईट कुठं आहे?"

"म्हणूनच काढ! कवाबी येईल!"

मी खाली वाकलो. प्लग घोड्याच्या मागे, भिंतीच्या खालच्या अंगाला होता. हात पोचत नव्हता. मी आडवा झालो, दोन बोटांत प्लग धरला आणि ओढला. तो हातात आला आणि छतावरची ट्यूब लुकलुकली. एकदा, दोनदा, मग लख्ख लागली. फळीवरचा छोटा गाळण्याचा पंप गुरगुरला. मी तसाच जमिनीवर पडून, प्लग छातीशी धरून राहिलो. मिनिटभर खोलीत उजेड होता. मग लाईट पुन्हा गेली, ती गेलीच.

मी उठलो तेव्हा रखमाकाकी भिंतीला टेकली होती.

"आत्ता किसलं असतं रे ते," ती म्हणाली. "खोबऱ्यासारखं. आन त्याच्या इखानं हे दोघंबी गेले असते. घटकाभरात."

आता खरी अडचण सुरू झाली. लाईट नाही, ओघ नाही. काळ्या वाळूतून कालपासून सुटलेला घाण वायू पाण्यात होताच. बारका मासा वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडझाप करत होता. मोठी फुलाला सोडत नव्हती. तिचे कल्ले भराभर हलत होते.

"फूल ओढून काढू का हळूच?" मी विचारलं.

"हात नको लावू. ओढलंस तर पाय फाटंल. पाय फाटला म्हंजे संपलं. त्याचं त्याला सोडू दे."

"मग मासे तरी बादलीत?"

"बारका येईल. ती नाय येनार. पकडाय गेलास तर आनखी फुलात शिरंल, आन फूल घट्ट धरंल."

तिने पेटीसाठी वेगळा ठेवलेला प्लास्टिकचा मग घेतला. एका टोकाचं पाणी भरायचं आणि दुसऱ्या टोकाला थोडं उंचावरून सोडायचं. पाण्याला हवा लागावी आणि ते फिरत राहावं म्हणून. पाच मिनिटांत ती दमली. मग मी घेतला. मी आपला धबाधबा ओतायला लागलो, तशी खालची वाळू पुन्हा हलली.

"झाकनावर सोड," ती म्हणाली. तिने डब्याचं प्लास्टिकचं झाकण पाण्यावर तरंगत ठेवलं. "जोर झाकनावर मरू दे. पानी नुसतं पसरू दे."

आम्ही पाळीपाळीने ओतत राहिलो. बाहेर पाऊस एकसारखा. अर्धा तास झाला, तास झाला. खांदे भरून आले. मी थांबलो की बारका वर यायचा, ओतायला लागलो की जरा खाली जायचा. फूल हललं नव्हतं. त्याचा रंग फिका पडल्यासारखा वाटत होता, की माझ्या मनाचेच खेळ होते, कोण जाणे.

साडेदहाला तिचे दीर सहदेव आले. कापड्याहून अर्ध्या वाटेपर्यंत जीपने, पुढे चालत. रस्त्यावर पाणी आलंय, वैनी एकटी आहे, म्हणून आलेले. दारात डोक्यावरची ओली घोंगडी झटकून त्यांनी आत बघितलं. घामाने निथळणारा मी, हातात मग, आणि स्टुलावर बसलेली वहिनी.

"काय चाललंय ह्ये? वैनी, तकडं दरड आली हाय, लोकांची भातं वाहून चालली हायेत, आन तुमी माशांना आंघोळ घालताय?"

रखमाकाकीने त्यांच्याकडे बघितलं नाही. "भावजी, चूल पेटवून घ्या चहाला. आमचा हात रिकामा नाय."

या पेटीवर सहदेवांचा राग जुना होता. ती आणली तेव्हा त्यांनी मायेने नदीच्या वाळूचं पोतं आणून दिलं होतं आणि वहिनीने ते परत पाठवलं होतं; ही वाळू काळी, लोखंडाची, चालणार नाही म्हणून. पण ते चुलीकडे गेले नाहीत. पेटीजवळ आले, मोठीला बघितलं, तिचे धापणारे कल्ले बघितले.

"किती येळ वतनार असं?"

"ते फूल सुटंस्तवर."

"आन कवा सुटनार?"

"ठावं नाय."

सहदेवांनी कोपऱ्यातल्या नळ्या बघितल्या. पाणी बदलायला ती वापरायची त्या. मग कपाटाची उंची बघितली. "आमच्या वरच्या वाडीत झऱ्याचं पानी येतं, तिथं कुठं मोटर हाय? वर एक बादली, खाली एक बादली. मधनं पानी आपसुक जाईल. वतायचं कशाला?"

मोटरीत जन्म घालवलेला मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कपाटावर बादली ठेवली. तिच्यातून बारीक नळी पेटीत, झाकणाच्या वर. नळीला सहदेवांनी सुतळीचा फास टाकला आणि खाचरातलं पाणी दुसऱ्या खाचरात सोडताना बांधाचं तोंड कमीजास्त करतात तसा तो आवळत-सैल करत राहिले. धार बोटाएवढी, मग काडीएवढी. पेटीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी नळी, ती खालच्या बादलीत. त्या नळीच्या पेटीतल्या तोंडाला रखमाकाकीने फडकं बांधलं, मासा ओढला जाऊ नये म्हणून. खालची भरली की वर चढवायची. बाईंच्या शिस्तीप्रमाणे कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याचं एक पिंप तिच्याकडे कायम तयार असायचं. आधी ते सगळं पाणी वरून घातलं आणि पेटीतलं तेवढंच घाण पाणी मोरीत सोडून दिलं. वास थोडा कमी झाला. बारका पाण्याच्या मध्यावर येऊन तरंगत राहिला. एका अंगावर कलला होता, पण जिवंत होता.

तिने पुण्याला फोन लावला. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा परिचारिकेने उचलला. रखमाकाकी भराभर सगळं सांगत गेली. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग बाईंचा आवाज, एकेक शब्द सुटा.

"खाली... ने. पंख्या... सकट. वाळूवर. आणि... थांब."

"बाई, किती थांबू?"

फोन तुटला होता. पुन्हा लागला नाही.

रखमाकाकीने फोन ठेवला, साडीचा पदर खोचला आणि काचेसमोर उभी राहिली. बाहेरचा चुंबक दोन्ही हातांनी धरला. तो सरकवला की आतली मोटर काचेवरून त्याच्याबरोबर सरकणार. पण झटका बसला तर आतली सुटून खाली पडणार, आणि फूल तिच्याखाली. मला तिने वायर धरायला लावली. ताण येऊ द्यायचा नाही, ढिलीही सोडायची नाही. सहदेव नळीवर.

तिने खाली ढकललं. मोटर हललीच नाही. पुन्हा ढकललं. काचेवर करकर असा आवाज आला आणि मोटर अंगठ्याएवढी खाली आली. फुलाने सगळी बोटं मिटून घेतली. ती थांबली. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला तरी हात सोडला नाही. फूल सैल झालं, मग पुन्हा अंगठ्याएवढं खाली. असं करत मोटर वाळूपर्यंत न्यायला अर्धा तास लागला. शेवटी तिला खाली बसावं लागलं, आणि त्या गुडघ्यांवर बसताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सहदेवांनी नळीवरचा हात काढला.

"भावजी, नळी!" ती ओरडली.

मोटर वाळूवर टेकली. हात आत घालून तिने देठापाशी वाळूत खळगा केला, अगदी हळू, ढवळू न देता. दगडाच्या आडोशाला, जुन्या जागेपासून वीतभर अलीकडे. मग हात बाहेर काढला आणि आम्ही थांबलो.

बाराचा एक झाला, एकाचे दोन. बादल्या चढत-उतरत होत्या. कोणाला भूक नव्हती. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. शेवटी मी बोललो, "काकी, तो जाळीचा दात मी मोडला. तडकलेला होता. तुम्हाला सांगितलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "मीबी पंखा पुऱ्या जोरानं लावला होता एकदा. पयल्या वर्सी. बाईंचे चार मासे गेले." आणि पुन्हा पेटीकडे वळली.

अडीचच्या सुमाराला मोठीने एक गोष्ट केली. ती फुलाच्या देठाजवळ खाली उतरली आणि जागेवर उभी राहून शेपूट हलवायला लागली, जोरजोराने, जणू वारा घालतेय. बारीक वाळू बाजूला उडत होती. रखमाकाकीने माझा दंड धरला. देठाची कड जाळीपासून सुटत होती, ओल्या कागदासारखी. एक बाजू सुटली. मग दुसरी. मग सगळंच फूल कलंडून खळग्यात पडलं. फटीत मात्र नखाएवढा लचका अडकून राहिला.

"वाटी!"

सहदेवांनी वाटी दिली. तिने मोटर उचलून त्या लचक्यासकट वाटीत, तिथून सरळ बाहेर. नंतर फुलावर प्लास्टिकची जाळीची परडी उपडी घातली आणि वर दगड ठेवला, ओघाने ते पुन्हा हलू नये म्हणून. मोठीने परडीच्या भोवती एक फेरी मारली आणि एका भोकाशी तोंड लावून उभी राहिली.

पाचच्या आत लाईट आली. रखमाकाकी लगेच उठली नाही. आधी मी मोटर धुतली, जाळीच्या फटीवर नायलॉनची बारीक जाळी दोऱ्याने घट्ट बांधली. तिने बोट घालून सगळीकडून तपासली. मग वरच्या अंगाला, काचेकडे तोंड करून, अगदी कमीवर. चिमूटभर खाणं सोडलं. भुगा काचेला लागला, खाली आला आणि वाळूवरून हळू मागे सरकला. वाळू हलली नाही.

बारका बुधवारी सकाळी गेला. तिला तो दगडामागे सापडला. तिने त्याला कागदात गुंडाळलं आणि तुळशीच्या कुंडीत पुरलं. सहदेव तेव्हा तिथेच होते. पाऊस उतरेपर्यंत त्यांनी मुक्काम केला होता. खड्डा त्यांनी केला.

रविवारी पुण्याचा फोन यायच्या वेळी मी तिथे असावं असं तिला वाटलं. का ते तिने सांगितलं नाही. फोन वाजला तेव्हा ती म्हणाली, "तूच धर. मी बोलते." मी फोन पेटीसमोर धरला. फूल आता परडीशिवाय खळग्यात बसलेलं, आधीच्या निम्म्याएवढं, पण बोटं उघडलेली. मोठी त्यात एकटीच.

बाई बघत होत्या. त्यांचं डोकं सतत हलत होतं, पण डोळे स्थिर होते.

"बाई, बारका गेला," रखमाकाकी म्हणाली. "माज्या घरात गेला. मी नाय वाचवू शकले."

परिचारिका पुढे वाकली, बहुतेक फोन बंद करावा का विचारायला. बाईंनी तिला हाताने थांबवलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"त्या दिवशी... तू... जेवलीस का?"

रखमाकाकीने तोंडाला पदर लावला आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग बाईंना ते दिसलं नसेल असं वाटून ती पुढे आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि पेटीपाशी स्टूल ओढून बोलत बसली. मी बाहेर गल्लीत येऊन उभा राहिलो. सहदेव पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "बस जरा. येळ लागंल." आम्ही दोघं बसलो.